सवतीची भाषा

आमच्या ह्यांना झटका आला, त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि मराठी गेली. हातापायाचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मराठीचं मला कळलं ते ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा. मी उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होते. ओठ हलायला लागले तशी मी भांडं खाली ठेवलं आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला. इतक्या दिवसांनी माणूस बोलणार. माझं नाव घेतील, निदान 'अगं' तरी म्हणतील. ते म्हणाले, "चिन डाउन." मी म्हटलं, काय? तर म्हणाले, "चिन डाउन. हँड्स अप. ब्रीद." आणि दमून डोळे मिटले.

नर्स हसली. काकांचं इंग्लिश छान आहे म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छान कसलं डोंबलाचं? ह्या माणसाला औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत नाही. येतं ते एवढंच, रिंगमधलं. जन्मभर पोरांना बॉक्सिंग शिकवलं, आणि शिकवायचं तर त्याच बोलीत, कारण ह्यांच्या उस्तादाने ह्यांना त्याच बोलीत शिकवलं होतं आणि त्या उस्तादाला त्याच्या उस्तादाने. अर्थ हाताने दाखवायचा आणि शब्द तोंडाने ओरडायचा, एवढीच त्यांची शाळा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वाक्य जुळवायची जागा मेंदूत एका बाजूला असते, ती ह्यांची गेली. पण जे बोलणं घोकून घोकून अंगात मुरलेलं असतं ते कधीकधी दुसरीकडे कुठेतरी शिल्लक राहतं. कुणाच्या शिव्या राहतात, कुणाचं एखादं गाणं राहतं. ह्यांचं हे राहिलं. ते ठरवून बोलत नाहीत, तोंडातून निघून जातं. मी विचारलं, आणि माझं बोलणं तरी कळतं का त्यांना? डॉक्टर म्हणाले, थोडं कळत असेल, थोडं नसेल, आत्ता सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' म्हणायला एवढं शिकावं कशाला लागतं कोण जाणे.

खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. ती व्यायामशाळा म्हणजे माझी सवत. लग्न झालं तेव्हापासून सकाळ तिची, संध्याकाळ तिची, आणि मी उरलेल्या वेळेची. अंगाला कायम तिचा वास, घामाचा आणि मलमाचा. मी तिथे कधी पाऊल ठेवलं नाही. घरात तिच्या भाषेतला एखादा शब्द ह्यांच्या तोंडून निघाला की मी म्हणायची, उंबऱ्याबाहेर ठेवा ते, घरात माणसासारखं बोला. आणि आता बघा. माझी होती ती भाषा पुसली गेली, सवतीची तेवढी राहिली. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर तिच्या दारात जाऊन उभं राहायची पाळी आली माझ्यावर.

दवाखान्यातून सुटल्यावर ह्यांना एका केंद्रात न्यायला लागले. अशा माणसांना पुन्हा चालायला-बोलायला शिकवतात, ते केंद्र. सकाळी न्यायचं, दुपारी आणायचं. पण ही नुसती उमेदवारी होती. तिथल्या मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी रोखठोक सांगितलं. खाटा थोड्या, माणसं फार. जो सांगितलेलं ऐकून करतो आणि चाचणीच्या दिवशी दोन दांड्यांच्या मधून चालून दाखवतो त्यालाच आत दाखल करून घेतात आणि पुढे कित्येक महिने त्याच्यावर मेहनत घेतात, बोलण्यासकट. बाकीचे घरी. घरी म्हणजे खाटेवर आणि कायमचे, हे त्या बोलल्या नाहीत, मला कळलं. बोलणं शिकवणाऱ्या बाई फक्त आतल्यांसाठी होत्या. माझा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला. पाय नसेना का धड. माणूस माझ्याशी बोलला पाहिजे.

आणि हे काही करेनात. पाय उचला म्हटलं की छताकडे बघायचे. हात वर करा म्हटलं की हसायचे, तेही अर्ध्याच तोंडाने. मॅडमच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की ह्या माणसाला काही समजत नाही. मी हात जोडले, समजावलं, दम दिला. काही उपयोग नाही.

मग एकदा घरी मी सूप भरवत होते आणि ह्यांनी चमचा ढकलला. सगळं माझ्या अंगावर. मी लाँड्रीत इस्त्रीला आहे. सकाळी ह्यांना केंद्रात सोडून मी दुकान गाठायची, दुपारी घरी आणून शेजारणीला बसवायची आणि पुन्हा इस्त्रीपुढे उभी राहायची. कंबर मोडून आलेली, त्यात हे. माझा तोल गेला. ह्यांचीच नक्कल करत मी ओरडले, हँड्स अप! आणि ह्यांचा डावा हात टपकन हनुवटीपाशी गेला. मूठ आवळलेली, कोपर बरगडीला चिकटलेलं. मी बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हटलं, चिन डाउन. हनुवटी खाली गेली. ब्रीद म्हटलं, छाती भरली. सूप पदरावरून ठिबकत होतं आणि मला त्याचं भानच नव्हतं.

म्हणजे ऐकत होते. माझं दार बंद झालं होतं, पण सवतीचं उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लाँड्रीतून सुटल्यावर, मी आयुष्यात पहिल्यांदा ती व्यायामशाळा पाहिली. एका गोदामाच्या मागची लांबट खोली, छताला टांगलेली चामड्याची पोती, मधोमध दोरांचा चौकोन. ह्यांच्या मागे ती डावऱ्या चालवत होता. डावऱ्या म्हणजे ह्यांचा जुना चेला, डाव्या हाताने खेळायचा म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. आता पोट सुटलंय, दिवसा गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतो, संध्याकाळी पोरांना शिकवतो. मला दारात बघून त्याने चप्पलच काढली. त्याला वाटलं, सर गेले. मी म्हटलं, गेले नाहीत, मला तुझी ती इंग्रजी शिकव.

तो शिकवायला लागला. ह्या वयात, साडी खोचून, पोत्यासमोर उभी राहून मी इंग्रजी शिकले. 'स्टे ऑन युअर टोज' म्हणजे टाच टेकायची नाही, टाच टेकली की माणूस जागचा हलत नाही आणि मार खातो. 'रोल विथ द पंचेस' म्हणजे बुक्का आला की मान ताठ धरायची नाही, तो जातो तिकडे आपणही थोडं जायचं, म्हणजे लागतं कमी. मी म्हटलं, हे मी लग्नापासून करतेय, पुढचं सांग. 'स्टे हंग्री' म्हणजे भुकेलं राहा. कशाला रे उपाशी ठेवायचे तुमचे सर तुम्हाला? तर म्हणाला, पोटाचं नाही काकू, आतलं. 'बीट द काउंट', म्हणजे पडलात तरी पंचाची मोजणी संपायच्या आत उभं राहायचं. 'डिग डीप', म्हणजे सगळं संपलं असं वाटलं की आणखी खणायचं, खाली अजून असतं. मी विचारलं, आणि नसलं तर? डावऱ्या म्हणाला, ते सरांनी शिकवलं नाही.

एक मला फार आवडलं. 'वन मोअर'. शेवटचं म्हणून सांगायचं आणि ते झालं की म्हणायचं, अजून एक. मग अजून एक. शेवटचं कधी नसतंच. पोरांनाही ते माहीत असतं, तरी करतात. मी म्हटलं, ही तर धडधडीत फसवणूक झाली. डावऱ्या म्हणाला, काकू, ह्यालाच शिस्त म्हणतात.

आणि शेवटी त्याने सांगितलं, कुणी पडून उठलं की पंच समोर येऊन विचारतो, "यू ओके?" त्यावर बॉक्सर म्हणतो, "आयम गुड." म्हणजे मी ठीक आहे. मला सगळ्यांत जास्त हवं होतं ते हेच. बाकी सगळे हुकूम. हा एकटा प्रश्न होता आणि त्याला उत्तर होतं.

शब्द पाठ करायला मला कागद लागला नाही. लाँड्रीत एका शर्टाला एक शब्द. कॉलर दाबताना म्हणायचा, बाह्या दाबताना म्हणायचा, घडी घालताना म्हणायचा. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, काय गं, परदेशी निघालीस की काय? मी म्हटलं, हो, सवतीच्या माहेरी.

त्यानंतर जे झालं ते केंद्रातल्या कुणाला खरं वाटेना. दुकानात उशिरा येईन म्हणून सांगितलं, आणि सकाळी मी दांड्यांच्या टोकाला उभी राहायची आणि ह्यांच्याच आवाजात ओरडायची. ऑन युअर टोज, की हे खुर्चीतून पुढे झुकायचे. बीट द काउंट, की डावा हात दांडी पकडायचा आणि अंग उठायचं, थरथरत, दात-ओठ खात, पण उठायचं. निकामी पायाला प्लास्टिकचा कडक साचा दिलेला, वर बूट. तो पाय ओढत एक पाऊल पडलं तेव्हा मी तोंडात पदर कोंबला. वन मोअर म्हटलं, दुसरं पडलं. मधेच मी विचारायची, यू ओके? आणि ताबडतोब, खणखणीत, "आयम गुड."

ते ऐकून मला काय व्हायचं, कसं सांगू? मी विचारलं आणि नवऱ्याने उत्तर दिलं. ह्यालाच तर बोलणं म्हणतात ना? मी दिवसातून इतक्या वेळा विचारायला लागले की मलाच हसू यायचं. भात भरवताना यू ओके, पांघरूण घालताना यू ओके. प्रत्येक वेळी आयम गुड. मोठ्या मॅडमही मग तसंच विचारायला लागल्या, झाडूवाल्या मावशीसुद्धा. हे आयम गुड म्हणाले की सगळे टाळ्या वाजवायचे. केंद्राचे लाडके झाले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एकत्र काही केलं असेल तर ते हेच, आणि मी त्या सवतीला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

चाचणी जवळ आली तसे हे बिघडायला लागले. रात्रभर दात खायचे. सकाळी मी बूट हातात घेतला की डाव्या पायाने लाथाडायचे. एकदा माझ्या हातावर फटका मारला. मी म्हटलं, आता कच खाऊ नका हो, हातातोंडाशी आलंय. यू ओके? आयम गुड. मग कशाला ही नाटकं? मी गुडघ्याने त्यांची मांडी दाबून धरली आणि साच्याचे पट्टे आवळले. केंद्रात पाऊल आखूड पडायला लागलं. मॅडम म्हणाल्या, दमले असतील, विश्रांती देऊ का? मी म्हटलं, छे, विचारा की त्यांनाच. त्यांनी विचारलं. आयम गुड.

मला दिसत होती ती फक्त चाचणी. मी पुन्हा डावऱ्याकडे गेले. म्हटलं, ह्याहून कडक शब्द दे, हे शब्द आता पुरत नाहीत. तो म्हणाला, आधी मी येऊन बघतो.

संध्याकाळी आला. ह्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, हात हातात घेतला. त्याला बघून ह्यांचा चेहरा उजळला. "जॅब, जॅब, मूव्ह," म्हणाले, म्हणजे दोन ठोसे मार आणि सरक. दोघं थोडा वेळ तसेच हसत बसले. मग डावऱ्याने विचारलं, सर, यू ओके? आयम गुड. डावऱ्या हसायचा थांबला. पुढे वाकून ह्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, तसंच खणखणीत. तो उठला आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"काकू, ह्यांना कुठेतरी फार दुखतंय."

मी म्हटलं, अरे, आत्ताच तर म्हणाले ना, मी ठीक आहे. तूच शिकवलंस मला त्याचा अर्थ.

त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "ते उत्तर नसतं, काकू. पंचाने विचारलं की प्रत्येक जण तेच म्हणतो. जबडा मोडला तरी म्हणतो. आपण कुठे उभे आहोत ते माहीत नसतं तरी म्हणतो. नाही म्हटलं तर लढत थांबवतात ना. बुक्का मारायला शिकायच्या आधी सरांनी आम्हाला ते म्हणायला शिकवलं. झोपेत विचारलं तरी निघेल तोंडातून. पंच ते ऐकत नाही. तो नुसता डोळे बघतो."

डोळ्यांत काय बघतो, मी विचारलं. तो म्हणाला, माणूस तुमच्याकडे बघतोय की नुसता तुमच्या दिशेला बघतोय, ते. आणि मग म्हणाला की त्याची सगळ्यांत मोठी लढत सरांनी अशीच मधे थांबवली होती, तो आयम गुड, आयम गुड ओरडत असताना. नंतर वर्षभर तो सरांशी बोलला नाही. खेळणाऱ्याने थांबायचं नसतं, त्याला ते येतच नाही. थांबवायचं काम रिंगच्या कोपऱ्यात उभ्या असणाऱ्या उस्तादाचं.

मी त्याचं पुढचं ऐकलं नाही. बाहेर जाऊन ह्यांचा बूट काढला, साचा काढला, मोजा काढला. मोजा टाचेला चिकटला होता. रोज मोजे मी चढवायची, घाईघाईत, वरून. टाच कधी पालथी करून बघितलीच नव्हती. बघितली. तिथली कातडी काळी पडली होती आणि मधे खड्डा होता. डावऱ्याने तोंड फिरवलं. हे माझ्या दिशेला बघत होते.

डावऱ्या म्हणाला, उद्या सकाळी मॅडमना दाखवा. मी म्हटलं, दाखवीन. पण चाचणी परवा होती. दाखवलं तर साचा काढून घेतील, साच्याशिवाय ह्यांना उभं राहता येत नाही, आणि खाट दुसऱ्या कुणाला तरी जाईल. मग कुठल्या बाई आणि कुठलं बोलणं? जन्मभर मी यू ओके विचारायचं आणि ह्यांनी आयम गुड म्हणायचं, आणि त्यात काही नाही, हे आता मला माहीत झालेलं. मी सकाळी दाखवलं नाही. औषधाच्या दुकानात गेले, मऊ पट्टी आणली, जखम धुऊन चारपदरी बांधली आणि वरून साचा चढवला. हे लाथ मारत नव्हते तेव्हा. मुकाट्याने छताकडे बघत होते. मी म्हटलं, एकच दिवस हो, एकच, मग मी तुम्हाला काही करायला लावणार नाही. मराठीत म्हटलं. कळलं की नाही कोण जाणे.

चाचणीला डावऱ्या त्याची गाडी घेऊन आला. मी त्याला तोंड दाखवत नव्हते आणि तो विचारत नव्हता. केंद्रातले सगळे जमले होते, मावशीसुद्धा झाडू बाजूला ठेवून. मॅडम दांड्यांच्या बाजूने चालत होत्या. मी टोकाला उभी होते. बीट द काउंट ह्या वेळी मी ओरडले नाही, नुसतं म्हटलं. पण हे उठले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. प्रत्येक वेळी उजवी टाच टेकली की ह्यांच्या मानेची शीर उभी राहायची. अर्ध्यात आले तेव्हा घाम डोळ्यांत उतरत होता. मॅडमनी विचारलं, यू ओके, सर? आयम गुड. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, शाब्बास, चला.

मी डोळे बघितले. आयुष्यभर बघितलेले डोळे, रागावलेले, झोपाळलेले, सुजलेलेसुद्धा. हे तसले कुठलेच नव्हते. उघडे होते नुसते. मॅडमच्या दिशेला बघत होते, माझ्या दिशेला बघत होते, आणि कुणालाही बघत नव्हते. दांडी संपायला हातभर अंतर राहिलं होतं. आणखी थोडंच. ते चालून आले असते, मला ठाऊक होतं, मेले असते तरी चालून आले असते. मी आणखी एक पाऊल पडू दिलं. मग पुढचा पाय उचलायला ते थरथरायला लागले आणि मी दांडीखालून वाकून आत शिरले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बास," मी म्हटलं. "झालं. बास आता."

"नो," हे म्हणाले. "नो. आयम गुड." आणि डाव्या खांद्याने मला धक्का दिला. मी हलले नाही. मग मुठीने माझ्या दंडावर मारलं, जोरात, पुन्हा मारलं. आयम गुड, आयम गुड. मॅडम ओरडत होत्या की बाजूला व्हा, चाचणी मोडेल. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि धरून ठेवलं. केवढा तरी वेळ ते माझ्याशी झुंजत राहिले आणि मग एकदम सगळा भार माझ्यावर आला.

खुर्चीत बसवून मॅडमनी बूट काढला. पट्टी लाल झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की टाच नुसती लाल होती तेव्हा आणलं असतंत तर चार दिवसांत भागलं असतं, आता हाडापर्यंत गेलंय, भरायला महिने लागतील, तोवर पाय टेकायचा नाही. खाट पुढच्या माणसाला द्यावी लागेल. ह्यांचं नाव पुन्हा शेवटी. मी विचारलं, आणि बोलणं? निदान ते तरी? त्या म्हणाल्या, ते आतल्यांसाठी आहे, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत होतं.

घरी येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. डावऱ्याने उचलून खाटेवर ठेवलं, पाय उशीवर ठेवला आणि निघून गेला. दुपारची वेळ, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी खाटेशी बसले. माझ्या दंडावर त्यांच्या मुठीचे वळ उठले होते. ते मला तोंड दाखवायला तयार नव्हते, भिंतीकडे मान केलेली. मला काही विचारायचं धाडसच होईना. यू ओके तर आता मेले तरी तोंडातून काढणार नव्हते. मग सवयीने, काही आशा न धरता, मराठीतच विचारलं.

"कुठं दुखतंय हो तुम्हाला?"

आयम गुडसुद्धा नाही. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. मी हात टाचेकडे नेला, पट्टीवर अलगद ठेवला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि तिथून ओढून काढलं. गुडघा नाही, मांडी नाही. तो लुळा उजवा हातही नाही. ओढत ओढत वर नेलं आणि माझी बोटं स्वतःच्या तोंडावर दाबून धरली. आत जीभ धडपडत होती, माझ्या बोटांना जाणवत होतं. आवाज येत नव्हता. सवतीचाही नाही.

मी म्हटलं, "कळलं. कळलं मला." आणि मला रडू फुटलं, झटका आल्यापासूनचं सगळं. त्यांनी हात सोडला नाही.